न्हाणीतला दगड

"आणि काकू, तुमचे पुढचे दोन कसे गेले?" डॉक्टरांनी सहज विचारलं आणि सुलक्षणाच्या हातातली पिशवी खाली पडली. पिशवीत फुटण्यासारखं काही नव्हतं, नवऱ्याचे एक्स-रे, पाण्याची बाटली आणि एक रुमाल. तिनं वाकून पिशवी उचलली, पदर ओठांवर नेहमीच्या जागी ओढला आणि वर बघितलं तर डॉक्टर अजून तिच्याकडेच बघत होते. कौस्तुभ नाव, तिच्या मुलापेक्षा, शेखरपेक्षाही लहान असेल वयानं, पिरंगुटच्या बाजारपेठेत दातांचा नवा दवाखाना टाकलेला. पदराआडचं ह्याला दिसलं कधी, हेच तिला कळेना. चौतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती, कारण उत्तर आधीच गावभर वाटून झालं होतं. आता ते उत्तर जिभेवर यायला हवं होतं, पण जीभ नुसतीच त्या दोन मोकळ्या जागांवरून फिरून परत आली. तेवढ्यात खुर्चीवर आडवा पडलेला तिचा नवरा वाल्मीक, तोंडातला कापूस गालात सरकवून बोलला, "न्हानीत घसरली व्हती ती. लई वरसं झाली." आणि दोन्ही हात पोटावर ठेवून पुन्हा वरच्या दिव्याकडं बघत राहिला; डॉक्टरांनी ते कॉम्प्युटरवर टाइप केलं. किती सहज बोलला! सुलक्षणाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सासूनं हे वाक्य तिच्या तोंडात कोंबलं होतं, तिनं ते निभावलं होतं, पण ज्यानं केलं त्यानं स्वतःच्या तोंडानं ते असं म्हणावं, तेही तिच्या देखत, तिच्याऐवजी? थांब जरा, असं ती मनात म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दवाखान्यात आज आणलं होतं ते वाल्मीकला. तंबाखूनं आणि वयानं त्याचा खालचा जबडा रिकामा झाला होता आणि वरचेही जाण्याच्या बेतात होते. गावातल्या कुणीतरी पोरीच्या लग्नाआधी पक्के दात बसवून घेतले होते, अगदी ऊस सोलून खातो म्हणे, तेव्हापासून वाल्मीकनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेखर, त्यांचा मुलगा, उरवड्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. सुट्टी टाकून तो आई-बापाला घेऊन आला होता आणि आता वहीत लिहून घेत होता. डॉक्टर समजावून सांगायला लागले. खालच्या हाडात चार स्क्रू बसवायचे, हाडानं ते धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग त्यावर पक्क्या दातांची पट्टी. नुसता स्क्रूचा भाव ऐकून कुणी फसू नये, असंही ते म्हणाले. स्कॅनचे वेगळे, मधल्या काळातल्या तात्पुरत्या दातांचे वेगळे, हाड कमी भरलं तर ते भरायचे वेगळे, आणि विमा ह्यातलं बहुतेक काहीच देत नाही. सगळं धरून दोन लाख साठ हजार. हप्त्यानं देता येतील. नाहीतर काढ-घाल करायची साधी कवळी, खालची-वरची मिळून बावीस हजार. शेखरचं पेन थांबलं. वाल्मीक कापसातूनच म्हणाला, "पक्कंच." सुलक्षणाला मात्र सगळं लख्ख समजलं, दोघांपेक्षा जास्त समजलं. उरवड्याच्या आठ भाड्याच्या खोल्या तिनं उभं राहून बांधून घेतल्या होत्या. खड्डा, कॉलम, पाणी मारून थांबणं, मग स्लॅब. जो ठेकेदार नुसत्या विटांचा भाव सांगतो तो पुढं वाळूत, सळईत आणि मजुरीत कापतो. ह्या पोरानं निदान सगळं आधी सांगितलं. हाडाला घाई केली तर सगळंच पडणार, हेही तिला पटलं. एवढंच तिला विचारावंसं वाटलं की जिथं चौतीस वर्षं काहीच बांधलं नाही तिथल्या जमिनीचं काय होतं. पण तिनं ते विचारलं नाही.

परत येताना गाडीत शेखर म्हणाला, "आई, तुझी एफडी हाय ना तीन लाखाची. ती मोडू. पुन्हा भरून काढू." खोल्या तिच्या नावावर होत्या. त्याला प्रेम कारण नव्हतं. चुलतभावांशी बांधाची केस चालू असताना खोल्या त्यात अडकू नयेत म्हणून वाल्मीकनं प्लॉट बायकोच्या नावावर घेतला होता आणि सही करताना तिला म्हणाला होता, नावापुरतंच हाय, लई हुरळू नगं. मग भाडं तिच्या खात्यात यायला लागलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या चौकोनी चित्राला बिहारची भाडेकरू पोरं मोबाईल दाखवायला लागली आणि त्यांच्या फोनवर सुलक्षणा वाल्मीक ढमाले असं उमटायला लागलं. नावापुरतं म्हणून दिलेलं नाव असं महिन्याच्या महिन्याला फुगत गेलं आणि वाल्मीकच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण सही कर म्हटली की ती करायची. आता ती खिडकीबाहेर बघत "बघू" म्हणाली. बाहेर पत्र्याच्या शेड, सिटी बसचा थांबा, कंपनीची पाळी सुटलेली माणसं. बघू म्हणताना तिला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडं काहीतरी मागत होता, आणि मागत काय होता तर दात! देवानं इतका वेळ लावला पण हिशेब बरोबर केला, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

चौतीस वर्षांपूर्वीची ती दुपारची वेळ होती. भाताची झोडणी चाललेली, अंगणात पेंढ्यांचा ढीग, हवेत कोंड्याची खाज. ती तेव्हा तेवीस वर्षांची, शेखर दोन वर्षांचा. स्वयंपाकघरात ती आणि जाऊ, आणि शेळीनं सासूचं नवं लुगडं अर्धं चघळल्याची हकीकत. सुलक्षणा हसली की शेजारच्या आळीत ऐकू जायचं. माहेरी पौडात तिच्या हसण्याची चेष्टा व्हायची, आणि दात असे एकसारखे की लग्नाच्या बोलणीत मामानं मुद्दाम तिला हसवून दाखवलं होतं. त्याच वेळी वाल्मीक पौडच्या कोर्टातून केस हरून आला होता, हे तिला माहीत नव्हतं. उंबऱ्यात उभा राहून तो तांब्यानं पाणी पीत होता. मला हसते व्हय, एवढंच तो म्हणाला आणि हातातला तांब्या आला. दुखलं नाही आधी. आधी फक्त पाण्याचा गारवा आणि तोंडात तांब्याची चव, मग ती चव रक्ताची आहे हे कळलं. एक दात ओंजळीत आला. दुसरा दोन दिवस शोधला, सापडलाच नाही. पुढं कधीतरी सारवताना जमिनीत गेला असेल, म्हणजे तिनंच तो आपल्या हातानं लिंपला असेल. सासूनं हळद-मीठ दाबलं आणि कानाशी येऊन सांगितलं, न्हाणीत पडले म्हण. म्हातारी हुशार होती. नुसतं सांगून थांबली नाही. तिसऱ्या दिवशी पाट्या-जात्याला टाकी लावणारी बाई गावात आली तेव्हा तिला बोलावून न्हाणीतल्या दगडावर टाकी लावून घेतली. पाय घसरू नये म्हणून. दगडावर छिन्नी वाजत होती आणि आळीतल्या बाया येऊन बघून जात होत्या, हळहळत होत्या, बरं झालं बाई दगड खरबरीत केला, न्हाईतर आणखी कुणी पडायचं. एवढा मोठा पुरावा झाल्यावर तिचे दात कसे गेले हे कोण विचारणार? वाल्मीक त्या दिवशी अंगणात बसून छिन्नीचे पैसे मोजून देत होता. तिनं आतून बघितलं होतं.

तेव्हापासून हसणं पदराआड गेलं. कणीस तिनं चाकूनं उतरवून खाल्लं, पेरू फोडी करून, आणि फोटो काढताना ओठ शिवले. दहा वर्षांनी पौडात दातांचं शिबिर आलं, स्वस्तात बसवून देत होते. तिनं धीर करून विषय काढला, तर जेवता जेवता मान वर न करता तो म्हणाला होता, "दाखवायचेत कुनाला?" हे वाक्य तिनं जपून ठेवलं. तांब्याही जपून ठेवला, माळ्यावर, पोतं गुंडाळून. त्याच्या पोटाला अंगठा बसेल एवढा पोचा आला होता. घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, त्यांच्या जागी स्टीलची आली, पण तो तिनं मोडवाल्याला दिला नाही. दर दिवाळीला चिंचेनं घासायची आणि पुन्हा वर ठेवायची. कशासाठी, हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नाही. डूख धरणं हे काही बायका उठता-बसता करतात, ओरडून मोकळ्या होतात. सुलक्षणानं ते लोणच्यासारखं मुरवलं होतं, झाकण न उघडता.

दवाखान्यातून आल्यावर चार दिवस ती फार आनंदात होती. रोज ती वाल्मीकला तांदळाची भाकरी दुधात कुस्करून द्यायची, आता देईना. भाकरी ताटात अख्खी यायला लागली, कडा चांगल्या कडक भाजलेल्या. सोबत सुकट. मधल्या वेळेला भाजलेले हरभरे. तो हरभरा तोंडात इकडून तिकडं फिरवायचा, हिरड्यांत धरून बघायचा, मग हळूच हातात काढून ठेवायचा, आणि ती चुलीपाशी बसून ते सगळं बघायची. "काय गं, आज कुस्करली न्हाई?" असं पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिला दया आली का? नाही आली. तिनं मनात हात घालून शोधली, पण नव्हतीच. मात्र अजून ते जपलेलं वाक्य बाहेर काढायचं होतं, आणि त्यासाठी तिला शेखर समोर हवा होता. चौथ्या दिवशी शेखर बँकेचा कागद घेऊन आला. कागद तिच्यापुढं ठेवून पेन दिलं. वाल्मीक भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता, लग्नाची पंगत वाढायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. सुलक्षणानं पेनचं टोपण काढलं, परत लावलं आणि त्याच्याकडं बघत एकेक शब्द वेगळा म्हणाली, "पक्के दात. दाखवायचेत कुनाला?"

चौतीस नाही पण चोवीस वर्षं धार लावलेलं वाक्य होतं ते. ते लागून माणूस कसा कळवळेल ह्याची तिनं किती वेळा मनाशी जुळणी केली होती. वाल्मीक हसला. बोळकं उघडून मनापासून हसला. "दावायचं कुनाला आता ह्या वयात? खायाला पायजेत गं. मटान गिळावं लागतंय." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला आठवत नव्हतं. वाक्य त्याच्यापाशी जाऊन नुसतं पडलं, अनोळखी माणसाच्या दारात टाकलेल्या पत्रासारखं. मग तिला एक नवीनच शंका आली. कागद बाजूला सारून ती म्हणाली, "सही करते. पर आधी एक सांगा, शेखरच्या समोर सांगा. माजं दात कसं गेलं?" शेखर म्हणाला, "आई, हे काय मधीच?" ती म्हणाली, "तू गप बस." वाल्मीकनं तिच्याकडं असं बघितलं की बाईचं डोकं फिरलंय की काय. "न्हानीत न्हाई का पडली तू? झोडनी चालल्याली. शेवाळ धरल्यालं दगडाला. म्यां तवा त्या टाकीवालीला बोलावून दगड खरबरीत करून घ्येतला, पैसं दिलं तिला, तुला ठावं न्हाई? आई म्हनाली ऱ्हाऊ दे, म्या म्हनलं न्हाई, पुन्यांदा पडंल ती."

आता वाल्मीकची एक सवय होती. खोटं बोलताना त्याचा उजवा तळहात गुडघ्यावर जायचा आणि गोल फिरत राहायचा. बैल कितीला दिले, दारू किती प्याला, पत्त्यात किती गेले, प्रत्येक वेळी तिनं तोंडाकडं न बघता गुडघ्याकडं बघून खरं-खोटं ओळखलं होतं. आत्ता हात मांडीवर उताणा पडला होता, हलला नाही. दवाखान्यातही हात पोटावर होता, तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे हा खोटं बोलत नव्हता! हा विसरला होता. विसरला होता एवढंच नाही, तर तिची आणि सासूची थाप ह्यानं आपलीशी करून घेतली होती, आणि त्या थापेत स्वतःला चांगला नवरा म्हणून बसवून घेतलं होतं. मी म्हटलं नाही, पुन्हा पडेल ती. सुलक्षणाला वाटलं ह्याच्या टाळक्यात काहीतरी घालावं. चौतीस वर्षं तिनं एकटीनं ते सांभाळलं, आणि हा त्याच घरात, त्याच पंगतीत, साफ मनानं जेवत होता, घोरत होता! जो गुन्हा त्याच्यापाशी नव्हताच त्याची शिक्षा द्यायची तरी कुणाला? आणि हा दगड घडवला कुणी? आम्हीच बायकांनी. इतका चांगला घडवला की कुणाचाच पाय घसरला नाही, त्याचाही नाही. सांगून टाकावं, शेखरसमोर ओरडून सांगावं असं ओठांपर्यंत आलं. मग तिनं ते गिळलं. सांगितलं तर तो म्हणेल, असंल बाई, आणि ते तिचं सांगणं होईल, त्याचं आठवणं होणार नाही. तिला त्याचं आठवणं हवं होतं. तिनं बँकेचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि शेखरला म्हणाली, "उद्या डॉक्टरकडं चल. मी आन तू. ह्यांचं काम न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर ती आडवी झाली. दिवा तोंडावर आला, पदर काढून डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं छातीवर कागदी रुमाल लावला. इतक्या उजेडात कुणी तिच्या तोंडात बघितलं नव्हतं. कौस्तुभ डॉक्टर म्हणाले, "इथलं हाड झिजलंय काकू. दात नसला की हाड आपोआप आटत जातं. तेव्हाच बसवले असते तर निम्म्यात झालं असतं. आता आधी हाड भरावं लागेल, मग दोन स्क्रू, मग कॅप. एक लाख दहा हजारांपर्यंत जाईल. वेळही जास्त." म्हणजे तिला विचारायचं होतं ते हेच. रिकाम्या जागेची जमीन आटते आणि आटण्याचेही पैसे पडतात. वाट बघण्याची किंमत तिलाच भरायची होती. ती म्हणाली, "भरा. आन त्या दिवशी तुमी काम्पुटरवर लिवलं न्हानीत पडल्या, ते खोडा." शेखर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. "नवऱ्यानं तांब्या मारला. मी हसले म्हनून." पहिल्यांदाच तिनं ते मोठ्यानं म्हटलं, आणि आवाज अगदी साधा निघाला, भाव विचारावा तसा. शेखरनं मोबाईलवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. डॉक्टरांनी ते टाइप केलं. ती पुढं म्हणाली, "माजे पक्के करा. ह्यांची कवळी करा, बावीस हजारवाली. उरलेल्यात खोल्यांचं पत्रं बदलायचं हाय." शेखर म्हणाला, "आई, अप्पा आयकनार न्हाईत." ती म्हणाली, "मग त्यांनी त्यांची एफडी मोडावी." उतरताना शेखरनं तिच्या हातातली पिशवी घेतली. तेवढं त्यानं केलं.

वाल्मीकनं आदळआपट केली. घर माजं, खोल्या माज्या, बायकू माजी, असं तीन दिवस चाललं, आणि शेखरनं दरवेळी एवढंच सांगितलं की सही आईची लागते. मग कवळी आली. डॉक्टर म्हणाले होते, झोपताना काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना वारा लागू द्यायचा. वाल्मीकला दुपारी जेवून झोपायची सवय. सुलक्षणानं माळ्यावरून पोतं काढलं, तांब्या चिंचेनं लखलखीत घासला, पाण्यानं भरला आणि त्याच्या बाजेपाशी ठेवला. रोज दुपारी तो त्यात दात सोडायचा, रोज उठून हात घालून काढायचा. तांब्या असा ठेवलेला की पोचा त्याच्या बाजूला. त्याला काही दिसायचं नाही. तिचं हाड भरलं गेलं, टाके निघाले, महिन्यांनी स्क्रू बसले, तोंड सुजलं, उतरलं, पुन्हा महिने थांबायचं. ती थांबली. थांबण्यात तिचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं. पाणी मारत राहायचं, कॉलमलाही आणि तांब्यालाही.

कॅप बसून आठवडा झाला होता. दुपारी ती दारात उभी राहून पेरू खात होती, फोडी न करता, अख्खा. कच्चा, कडक पेरू, दातांत करकरत होता. वाल्मीक उठून बाजेवर बसला, तिच्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिला आणि न बघताच तांब्याकडं हात नेला. त्या दिवशी त्यानं तांब्या पोटाला धरून उचलला आणि अंगठा नेमका पोच्यात बसला. सुलक्षणाचं चावणं थांबलं. त्यानं अंगठा काढला, परत बसवला. तांब्या उंबऱ्यातल्या उजेडाकडं वळवला. पाणी हिंदकळून चादरीवर सांडलं, तेही त्याला कळलं नाही. मग त्यानं तांब्या सावकाश खाली ठेवला, दात पाण्यातच राहू दिले, आणि रिकाम्या तोंडानं, तिच्याकडं न बघता विचारलं, "ह्यो पोचा कसला गं?"

सुलक्षणानं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. तिनं गुडघ्याकडं बघितलं. उजवा तळहात गुडघ्यावर गेला होता आणि गोल गोल फिरत होता.

तिनं तोंडातला घास सावकाश चावून गिळला. "न्हानीत पडला आसंल," ती म्हणाली आणि हसली. शेजारच्या आळीत ऐकू गेलं. हात पदराकडं गेला नाही. वाल्मीकचा तळहात मात्र गुडघ्यावर फिरतच राहिला, आणि ती दारात उभी राहून उरलेला पेरू संपेपर्यंत त्याच्याकडं बघत होती.